कोसळलेल्या ज्वालामुखीचा नकाशा कसा काढावा: सोलापुरातील नवोदितांसाठी

सोलापूर जिल्ह्यात ज्वालामुखीचा एकही डोंगर नाही, आणि तरीही करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत जमिनीखालचा जवळजवळ सगळा खडक ज्वालामुखीचाच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतील भेगांमधून वर आलेला लाव्हा थरावर थर साचत दूरवर पसरला आणि त्याचे पठार झाले. त्यामुळे लाव्हाचा थर, मुरूम आणि त्यावरची काळी माती येथील भूगोलाच्या किंवा भूशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या ओळखीची असते. उंच, उभ्या उताराचा ज्वालामुखी एका बाजूने ढासळला तर मागे काय उरते, हे मात्र त्याला घराजवळ पाहता येत नाही. ते संगणकावर पाहता येते, मोजता येते आणि त्याचा नकाशाही काढता येतो. त्यासाठी लागणारी सर्व साधने मोफत आहेत. लागतो तो वेळ आणि रेषा ओढण्यापूर्वी थांबण्याची सवय.

असे डोंगर ढासळतात याची कारणे त्यांच्या घडणीतच असतात. लाव्हा, राख आणि सुटे दगड यांचे थर उताराला समांतर साचलेले असतात, आतल्या गरम पाण्याने आणि वायूंनी खडकाची चिकणमाती होत जाते, आणि खालून शिलारस वर घुसला की एखादी बाजू फुगते. मग भूकंप, उद्रेक किंवा नुसता मुसळधार पाऊसही पुरतो. निखळलेला भाग फुटत फुटत कित्येक किलोमीटर धावतो आणि थांबतो तेथे विशिष्ट भूरूपे ठेवून जातो. त्या भूरूपांवरून लोट किती दूर गेला, कोणत्या बाजूने गेला आणि त्याने कोणते पाणी अडवले, हे कळते. धोक्याचा अंदाज बांधायचा तो यावरूनच.

सरावासाठी सेंट हेलेन्स

पहिला नकाशा अमेरिकेतील सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा काढावा, कारण तेथे उत्तर तपासून पाहता येते. १८ मे १९८० रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि कित्येक आठवडे दररोज मीटर-दीड मीटर बाहेर येत असलेली डोंगराची उत्तर बाजू निखळली. वरचे ओझे अचानक निघून गेल्यामुळे आतला दाब आडव्या स्फोटाच्या रूपाने सुटला. सुमारे २.५ घन किलोमीटर दगडमातीचा लोट टूटल नदीच्या उत्तर शाखेतून २२-२३ किलोमीटर खाली गेला, शिखराची उंची २,९५० मीटरवरून २,५४९ मीटरवर आली आणि त्या दिवशी ५७ माणसे मृत्युमुखी पडली. निक्षेपाने, म्हणजे लोट थांबल्यावर साचलेल्या दगडमातीने, सुमारे ६० चौरस किलोमीटर जमीन व्यापली, म्हणजे सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीच्या साधारण एक-तृतीयांश.

या घटनेनंतर जुन्या डोंगरांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. कॅलिफोर्नियातील शास्ता पर्वताच्या पायथ्याशी शेकडो टेकाडे विखुरलेली आहेत. त्यांना कोणी स्वतंत्र लहान ज्वालामुखी मानले होते, कोणी हिमनदीचे काम. ती सर्व एकाच प्रचंड लोटाची आहेत, हे १९८० नंतरच मान्य झाले. किमान तीन लाख वर्षांपूर्वीचा तो लोट सुमारे ४५ घन किलोमीटरचा होता आणि तो ४५ किलोमीटरहून दूर, म्हणजे साधारण सोलापूर ते तुळजापूर एवढे अंतर गेला. इतकी मोठी गोष्ट डोळ्यांसमोर असूनही ओळखता आली नव्हती, ही बाब नवोदिताने सतत ध्यानात ठेवावी.

साहित्य आणि पहिली मांडणी

संगणकावर क्यूजीआयएस हे नकाशे काढण्याचे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. उंचीच्या आकड्यांसाठी कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-कार्यक्रमाचे ३० मीटर अंतराचे डीईएम, म्हणजे चौकटीगणिक उंची नोंदवलेला जमिनीचा नकाशा, उतरवून घ्यावा. सेंट हेलेन्ससाठी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे अधिक सूक्ष्म आकडे आणि १९८० पूर्वीचे जुने स्थलदर्शक नकाशेही मिळतात. ते अवश्य घ्यावेत. रंग आणि वनस्पती पाहण्यासाठी सेंटिनेल-२ या उपग्रहाची १० मीटरची चित्रे पुरेशी होतात. भारतातील जागांसाठी इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोडेम हे डीईएम मिळते.

उतरवलेले आकडे बहुधा अक्षांश-रेखांशांत, म्हणजे अंशांत असतात. ते तसेच वापरले तर उतार चुकीचे निघतात आणि क्षेत्रफळ निरर्थक येते. म्हणून सर्वप्रथम ते मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीत बदलून घ्यावेत. सोलापूर यूटीएमच्या ४३ व्या उत्तर पट्ट्यात येते, तर सेंट हेलेन्स १० व्या उत्तर पट्ट्यात; सवयीने आपलाच पट्टा निवडला तर सगळा डोंगर वाकडा दिसेल.

त्यानंतर हिलशेड, म्हणजे एका बाजूने प्रकाश पडला असता दिसेल तसे उठावाचे चित्र, तयार करावे. ते एकच करून भागत नाही. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेले कंगोरे आणि खाचा त्यात जवळजवळ दिसेनाशा होतात, म्हणून वायव्य आणि ईशान्य अशा किमान दोन बाजूंनी प्रकाश टाकून दोन चित्रे करावीत आणि ती आलटून पालटून पाहावीत. दक्षिणेकडून प्रकाश टाकला तर अनेकांना खड्डे उंचवट्यांसारखे आणि उंचवटे खड्ड्यांसारखे भासतात; तो टाळलेला बरा. उताराचा वेगळा नकाशा आणि १० किंवा २० मीटरच्या समोच्च रेषा सोबत असाव्यात.

काय शोधावे आणि कोणत्या क्रमाने

आधी डोंगराकडे पाहावे. एका बाजूला उघडे असलेले, घोड्याच्या नालेच्या आकाराचे खिंडार दिसले तर त्याचा वरचा काठ एका रेषेने दाखवावा आणि उघडी बाजू बाणाने. गोल विवर आणि असे खिंडार यांत फरक आहे: विवराच्या भिंती बहुतेक सर्व बाजूंनी असतात, खिंडाराच्या दोन भिंती उताराच्या दिशेने लांबत जातात आणि मधली बाजू नसतेच. खिंडार दिसले नाही म्हणून लोट नाकारू नये. पुढच्या हजारो वर्षांच्या लाव्हाने ते भरून जाते. शास्ताच्या डोंगरावर आज त्या जुन्या लोटाचे खिंडार दिसत नाही.

मग पायथ्याकडे उतरावे. टेकाडे ही या लोटाची सर्वांत बोलकी खूण आहे. ती डोंगराचेच अखंड किंवा तडकलेले तुकडे असतात. साधारणपणे डोंगराजवळ ती मोठी असतात आणि दूर जावे तशी लहान व विरळ होतात, आणि त्यांच्यामध्ये पाणी साचणारे बंद खळगे असतात. प्रत्येक टेकाडाचा पायथा बहुभुजाने आखावा, शिखराची उंची नोंदवावी आणि ते लांबट असेल तर त्याची दिशाही टिपावी, कारण लांबट टेकाडांच्या रांगांवरून लोट कसा पसरला हे पुढे कळते. ३० मीटरच्या चौकटीत लहान टेकाडे दिसतच नाहीत. त्यामुळे ‘येथे टेकाडे नाहीत’ असे न लिहिता ‘या आकड्यांत टेकाडे दिसत नाहीत’ असे लिहावे.

टेकाडे आखण्यात मन रमते आणि नवोदित तेथेच थांबतो. माझ्या मते या नकाशाचे खरे मोल टेकाडांत नसून निक्षेपाच्या सीमारेषेत आहे. लोट कोठपर्यंत पोहोचला हे सीमा सांगते, आणि उद्या एखाद्या गावाला विचारायचा प्रश्न तोच असतो. सीमा शोधताना तीन गोष्टी पाहाव्यात: पुढच्या टोकाशी अनेकदा दिसणारी जाड, उभी कड; दरीच्या दोन्ही बाजूंना उतारावर राहिलेले बांधासारखे कंगोरे, ज्यांवरून लोट त्या ठिकाणी किती उंच चढला होता हे कळते; आणि खडबडीत जमीन संपून नदीने घडवलेली सपाटी सुरू होते ती जागा. शेवटची खूण फसवी असते, कारण नदी नंतर निक्षेपाचे टोक धुऊन नेते किंवा वाळूखाली पुरते. म्हणून सीमारेषा तीन प्रकारे ओढावी: स्पष्ट दिसते तेथे अखंड, अंदाजाने ओढली तेथे तुटक, आणि गाडली गेली असावी तेथे ठिपक्यांची. सगळी सीमा अखंड रेषेने दाखवलेला नकाशा माझ्या हाती आला तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

सीमेच्या कडेने जाताना प्रत्येक उपनदीच्या तोंडाशी थांबावे. लोट मुख्य दरीतून जातो, उपनद्यांची तोंडे बंद करतो आणि मागे तळी तयार होतात. सेंट हेलेन्सच्या लोटामुळे कोल्डवॉटर आणि कॅसल ही तळी अशीच निर्माण झाली, आणि स्पिरिट सरोवराची पूर्वीची वाट बंद होऊन त्याची पातळी सुमारे ६० मीटरने वाढली. असा सुट्या दगडमातीचा बांध पाणी ओलांडू लागताच झपाट्याने खचू शकतो. म्हणून स्पिरिट सरोवराचे पाणी सोडण्यासाठी सुमारे २.६ किलोमीटर लांबीचा बोगदा खोदावा लागला आणि तो १९८५ मध्ये पूर्ण झाला. जपानमधील बांदाई डोंगर १५ जुलै १८८८ रोजी ढासळला तेव्हाही नद्या अडून हिबारा, ओनोगावा आणि आकिमोतो ही सरोवरे झाली, आणि ती आजही आहेत. म्हणजे बांध फुटतोच असे नाही. पण नकाशात बांधाचा माथा, तळ्याची पातळी आणि त्या दोहोंतील उंचीचा फरक हे आकडे असलेच पाहिजेत.

फसवणाऱ्या खुणा, आणि सोलापूरच्या खाणींचा उपयोग

टेकाडांसारखे दिसणारे बरेच काही असते. हिमनदीने आणून टाकलेले ढीग, ओल्या जमिनीवरून लाव्हा वाहिल्याने वाफेच्या स्फोटांतून झालेले लहान शंकू, झीज होऊन उरलेल्या टेकड्या, या सर्वांची गल्लत होते. आपल्या भागातील सपाट माथ्याच्या टेकड्या शेवटच्या प्रकारच्या आहेत. शेजारच्या दोन टेकड्यांवर तोच लाव्हाथर त्याच उंचीवर सापडतो, कारण तो मुळात सलग होता. लोटाच्या टेकाडांत असा मेळ बसत नाही: एकात थर एका बाजूला कललेले, दुसऱ्यात भलत्याच बाजूला, आणि खडकही खालच्या जमिनीपेक्षा वेगळा, डोंगराच्या अंगचा.

अंतिम निर्णय आतला खडक देतो. लोटातील मोठे तुकडे धक्क्याने तडकतात, पण तडकलेले भाग एकमेकांपासून फारसे दूर जात नाहीत. छेदात पाहिले की जुळवाजुळवीच्या कोड्यासारखे ते परत एकत्र बसतील असे दिसते. अशा अखंड तुकड्यांचा भाग आणि सगळे मिसळून गेलेला चिखलमय भाग हे दोन वेगळे रंग देऊन दाखवतात. सर्वसाधारणपणे मिसळलेला भाग कडेकडे आणि दूरवर वाढतो.

हे पाहण्याची नजर सोलापुरात तयार करता येते. येथील दगडखाणींत आणि नव्या विहिरींच्या खोदकामांत लाव्हाच्या दोन थरांमधली जोडणी उघडी पडते. काही थरांच्या माथ्यावर टोकदार तुकड्यांचा पट्टा दिसतो. वाहता लाव्हा थंड होताना त्याची साय फुटून हा पट्टा झालेला असतो, कोसळण्याशी त्याचा संबंध नाही. फोटो पाहून गोंधळ होईल इतके साम्य असते, पण निरखून पाहिले की फरक कळतो: लाव्हाच्या माथ्यावरचे तुकडे एकाच जातीच्या बसाल्टचे व बहुधा बुडबुड्यांच्या छिद्रांनी भरलेले असतात आणि पट्टा खाली जाताना हळूहळू अखंड खडकात मिसळतो, लोटाच्या निक्षेपात अनेक जातींचे, अनेक रंगांचे तुकडे असतात, त्यात वाटेतली माती आणि लाकूडही ओढलेले असते, आणि तळ खालच्या जमिनीवर स्पष्ट टेकलेला असतो. खाणीत जाण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी, सुरुंगाची वेळ विचारावी, आणि उन्हाळ्यात हे काम सकाळी दहाच्या आत उरकावे.

मोजमाप

आता आकडे. पहिला आकडा घनफळाचा. क्षेत्रफळ आणि सरासरी जाडी यांचा गुणाकार हा त्याचा साधा मार्ग: सेंट हेलेन्सच्या निक्षेपाची सरासरी जाडी सुमारे ४५ मीटर आहे, म्हणून ६० गुणिले ०.०४५ म्हणजे सुमारे २.७ घन किलोमीटर. हा आकडा निखळलेल्या भागाच्या २.५ या प्रचलित आकड्याशी तंतोतंत जुळणार नाही आणि जुळू नयेही, कारण अखंड खडक फुटला की मधल्या पोकळ्यांमुळे त्याचे आकारमान वाढते. जुन्या आणि नव्या डीईएमची वजाबाकी करून खिंडाराचे घनफळ काढणारे विद्यार्थी आणखी एक गोष्ट विसरतात: खिंडारातला काही भाग त्यानंतरच्या उद्रेकाने उडालेला असतो, आणि १९८० ते १९८६ व २००४ ते २००८ या काळांत तेथे नवे लाव्हाघुमट वाढलेले आहेत.

दुसरा आकडा धोक्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. निखळलेल्या भागाचा सर्वांत उंच बिंदू आणि निक्षेपाचे सर्वांत दूरचे टोक यांतील उंचीच्या फरकाला आडव्या अंतराने भागावे. स्विस भूवैज्ञानिक आल्बर्ट हाइम यांच्यापासून ही पद्धत रूढ आहे. सेंट हेलेन्सच्या बाबतीत उंचीचा फरक सुमारे २,५५० मीटर आणि अंतर सुमारे २३ किलोमीटर, म्हणजे गुणोत्तर ०.११. मोठ्या ज्वालामुखी लोटांचे गुणोत्तर बहुतेक वेळा ०.१ च्या आसपास पडते. कोरड्या, लहान दरडींचे त्याहून बरेच जास्त असते. अंतर मोजताना सरळ रेषा न घेता लोट ज्या वळणांनी गेला त्या वाटेने मोजावे, आणि आपण काय केले ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहावे.

नकाशावरून धोक्याकडे

हाच आकडा उलटा वापरला की अंदाज निघतो. एखादा डोंगर भोवतालच्या सखल भागापेक्षा २,००० मीटर उंच असेल आणि गुणोत्तर ०.१ धरले, तर लोट २० किलोमीटर जाऊ शकतो, ०.०९ धरले तर २२. दोन्ही वर्तुळे काढावीत, कारण एकाच रेषेमुळे तिच्या बाहेरचा माणूस विनाकारण निश्चिंत होतो. पण वर्तुळ ही केवळ सुरुवात आहे. मध्ये उंच कणा असेल तर त्याच्यामागची जमीन बऱ्याच अंशी वाचते आणि दरीची दिशा असेल तर लोट आणखी लांबतो. म्हणून वर्तुळावर आपली सीमारेषा ठेवून पाहावी, दोन्ही कोठे जुळत नाहीत ते शोधावे, आणि तेथील भूरचनेत कारण मिळते का ते पाहावे. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त शिकायला मिळते ते याच तपासणीत.

पुढे कोणती बाजू ढासळेल, याच्या खुणा वेगळ्या. पिवळट-पांढरा, चिकणमाती झालेला खडक कोणत्या उतारावर आहे हे सेंटिनेल-२ च्या अवरक्त पट्ट्यांतून बऱ्यापैकी दिसते. वॉशिंग्टन राज्यातील रेनियर पर्वताच्या पश्चिम बाजूला असा कुजलेला खडक आहे, आणि सुमारे ५०० वर्षांपूर्वी त्या बाजूने खाली आलेला चिखलाचा लोट उद्रेकाशिवाय निघाला असावा, असे अभ्यासक मानतात. आज त्या वाटेवर ऑर्टिंग नावाचे गाव वसलेले आहे आणि दरीत इशारा देणारी यंत्रणा बसवलेली आहे. निकाराग्वातील कासिता ज्वालामुखीची बाजू ३० ऑक्टोबर १९९८ रोजी मिच वादळाच्या पावसाने निसटली, तिचा चिखलाचा पूर झाला आणि दोन हजारांहून अधिक माणसे गेली. उद्रेक तेथेही नव्हता. म्हणून ‘ज्वालामुखी शांत आहे’ या कारणाने धोक्याचा पट्टा वगळू नये.

डोंगर समुद्राकाठी असेल तर नकाशा किनाऱ्यावर संपत नाही. जपानमधील उन्झेन ज्वालामुखीजवळचा मायुयामा डोंगर १७९२ मध्ये ढासळून समुद्रात शिरला आणि उठलेल्या त्सुनामीसह सुमारे १५,००० माणसांचा बळी गेला. शिमाबाराच्या किनाऱ्याजवळची लहान बेटे ही त्या लोटाचीच टेकाडे आहेत. २२ डिसेंबर २०१८ रोजी इंडोनेशियातील अनाक क्राकाताऊची बाजू समुद्रात गेली तेव्हा पाण्याने चारशेहून अधिक लोक दगावले.

येथे एक इशारा आपल्या राज्यासाठी. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) येथील दरडी ज्वालामुखीच्या खडकावर कोसळल्या, तरी त्या या लेखातील अर्थाने ज्वालामुखीच्या दरडी नव्हेत. तेथे अतिवृष्टीने भिजलेला, झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर उतारावरून सुटला. त्यांच्यासाठी ०.१ चे गुणोत्तर लावणे चुकीचे ठरेल. सीमा तीन प्रकारच्या रेषांनी दाखवणे, ओढ्यांची तोंडे तपासणे आणि घरे कोठे आहेत ते त्यावर ठेवणे, एवढे मात्र सह्याद्रीतही जसेच्या तसे उपयोगी पडते.

नकाशा पूर्ण करताना

खिंडार, टेकाडे, सीमा, तळी आणि धोक्याचे पट्टे असे वेगवेगळे स्तर ठेवावेत. प्रत्येक रेषेच्या नोंदतक्त्यात ती कोणत्या चित्रावरून ओढली, कोणत्या प्रमाणावर पाहून ओढली आणि खात्री किती, असे तीन रकाने असावेत. दिसलेले आणि तर्काने ठरवलेले एकाच स्तरात कधीही मिसळू नये. वयाचा आकडा स्वतः ठरवू नये. निक्षेपाखाली किंवा आत सापडलेल्या लाकडाचे कार्बन-१४ वय प्रसिद्ध असेल तरच घ्यावे, नाहीतर कोणता थर कोणाच्या वर आहे एवढाच क्रम द्यावा.

सेंट हेलेन्स झाले की दुसरा सराव भारतातला घ्यावा: अंदमानातील बॅरन बेट. सुमारे तीन किलोमीटर रुंदीच्या या बेटाच्या विवराची भिंत पश्चिमेला समुद्राकडे उघडी आहे, आणि १९९१ पासून ज्वालामुखी पुन्हा जागृत झालेला आहे. आकार नालेसारखा दिसतो म्हणून लगेच ‘कोसळून झालेले खिंडार’ असे लिहू नये. बेट समुद्रतळापासून २,००० मीटरहून अधिक उंच उठलेले असल्याने लोट झाला असेल तर त्याची टेकाडे आणि सीमा पाण्याखाली असणार, आणि जमिनीवरचे डीईएम त्याबद्दल काहीही सांगू शकत नाही. भिंतीचा काठ अखंड रेषेने काढावा, उघड्या बाजूवर बाण काढून त्याशेजारी प्रश्नचिन्ह ठेवावे, आणि पश्चिमेकडील समुद्राचा भाग ‘तळाच्या खोलीचे आकडे मिळाल्यावर’ अशी नोंद करून कोरा सोडावा.